कपाटातला मायक्रोस्कोप बाहेर काढा

'विज्ञान शिक्षणाला डिजिटल जोड' हा परवाचा लेख वाचला. स्मार्ट बोर्डला विरोध नाही पण पेशी दाखवायला व्हिडिओ पुरतो हे काही पटलं नाही.

आमच्या शाळेत मायक्रोस्कोप होता एकच, तोही कपाटात कुलपात, आणि दहावीपर्यंत आम्ही तो फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी टेबलावर पाहिला. मागच्या महिन्यात भाचीसोबत घरी कांद्याचा पापुद्रा काढला, काचपट्टीवर थेंबभर आयोडिन टाकलं, वर कव्हरस्लिप म्हणजे पातळ काच ठेवली तर भाची ओरडली, "मामा, पेशी दिसली!" बघतो तर जाड काळ्या कडेचा गोल, म्हणजे हवेचा बुडबुडा. मग कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच सोडायची, फोकस खालीवर करायचा, असं तीनदा केल्यावर विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि त्यातले केंद्रकाचे पिवळट ठिपके दिसले. व्हिडिओत हा बुडबुडा आधीच कापलेला असतो ना, तिथेच तर घोळ आहे.

खर्चाचं कारण सांगू नका. आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश आणि स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये कागदाच्या घडीचा मायक्रोस्कोप, म्हणजे फोल्डस्कोप मांडला, सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत, वस्तू साधारण 140 पट मोठी दिसते, आणि कांद्याला तेवढं भरपूर झालं. एका स्मार्ट बोर्डाच्या पैशात अख्ख्या वर्गाला एकेक येईल, शिवाय लाईट गेली तरी खिडकीपाशी उभं राहून चालतो.

– एक पालक, सातारा