ई-रीडर भंगारात देण्याआधी एकदा उघडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचरा वेगळा ठेवून संकलनासाठी द्यावा, हे आवाहन आपल्या पानांवर अधूनमधून वाचतो. ते योग्यच आहे. पण त्या ढिगात जुने ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायची यंत्रं, जाऊ लागलेत, आणि त्यांच्याबद्दल मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ म्हणून झाली. निवृत्तीनंतर नातेवाइकांचे, पेठेतल्या ओळखीच्यांचे बंद पडलेले ई-रीडर मी घरीच उघडतो. वाचायचा पडदा आपणहून बिघडलाय, असं यंत्र माझ्या टेबलावर अजून आलेलं नाही. पडदा जातो तो हातातून पडून, नाहीतर पिशवीत दाबला जाऊन. बाकीच्या वेळी गेलेली असते बॅटरी, चार्जिंगचं तोंड किंवा आतली मेमरी. म्हणजे यंत्रातली सगळ्यात महागाची वस्तू शाबूत असते आणि किरकोळ वस्तूपायी सगळंच कचऱ्यात जातं.

हा पडदा मोबाईलसारखा नसतो. त्यात अतिसूक्ष्म कोष असतात आणि प्रत्येक कोषात विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण असतात. विजेनं काळे कण वर ओढले की अक्षर उमटतं, आणि वीज काढून घेतली तरी ते तिथंच राहतं. वीज लागते ती पान उलटताना. त्यामुळंच मोबाईलपेक्षा कितीतरी लहान बॅटरीवर हे यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, ऐंशी ओलांडलेली आहे. छापील पुस्तकातला टाइप तिला आता दिसत नाही. ई-रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं करून ती रोज दुपारी वाचत बसते. मोबाईलवर तिचे डोळे दहा मिनिटांत चुरचुरतात. तिच्यासारख्या माणसाच्या हातातून हे यंत्र गेलं की तिचं वाचनच थांबतं, हे या दुरुस्तीकडं निव्वळ छंद म्हणून बघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

अक्काच्या यंत्राची बॅटरी बसली तेव्हा मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की सुटी बॅटरी विकत नाही, नव्या यंत्रावर सूट देऊ. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. मग मी ते उघडलं. मागच्या झाकणाला एकही स्क्रू नव्हता, सगळं गोंदानं चिकटवलेलं. हेअर ड्रायरनं कडा कोमट केल्या, जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून कडेकडेनं फिरवलं. या कामात घाई अजिबात करायची नाही. बहुतेक यंत्रांत पडद्याची पाठ पातळ काचेची असते, जरा पीळ बसला की तडा जातो आणि मग कशाचाच उपयोग नाही. बॅटरीही खाली चिकटवलेली. तिच्या कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद मऊ होऊ द्यायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचलायची. लोखंडी काही लावायचं नाही.

नवी बॅटरी त्याच मापाची शोधावी लागते. लांबी-रुंदीपेक्षा जाडी महत्त्वाची, कारण झाकण दाबून बसवलं तर बॅटरीवर कायमचा दाब राहतो. बॅटरीला तारा तीन होत्या. तांबडी आणि काळी सगळ्यांना कळते. तिसरी तार तापमान सांगणाऱ्या रोधाची, म्हणजे थर्मिस्टरची असते, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या बॅटऱ्यांना ती बहुधा नसते. ती जोडली नाही तर यंत्र बॅटरी ओळखत नाही, चार्जिंगच घेत नाही, आणि माणूस समजतो बोर्ड गेला. जुन्या बॅटरीच्या तिसऱ्या आणि काळ्या तारेमधला रोध मल्टिमीटरवर मोजला, तो दहा किलोओहमच्या आसपास निघाला. तसाच थर्मिस्टर नव्या बॅटरीला चिकटवून जोडला, सांध्यांवर पिवळी उष्णतारोधक टेप लावली. सगळं साहित्य पाचशे रुपयांच्या आत बसलं. अक्काचं वाचन पुन्हा सुरू झालं.

नीट बांधलेलं यंत्र कसं असतं तेही सांगतो, नाहीतर मी फक्त तक्रारच करतोय असं वाटेल. भाच्यानं परदेशातून आणलेला २०१२ सालचा ‘कोबो ग्लो’ नावाचा ई-रीडर माझ्याकडं आहे. त्याचं मागचं झाकण खटक्यांवर बसतं. आत मेमरी म्हणून चक्क एक मायक्रोएसडी कार्ड आहे, २ जीबीचं, खाचेत बसवलेलं. यंत्राची सगळी प्रणाली आणि पुस्तकं त्याच कार्डावर. ते मी ३२ जीबीचं केलं. त्यासाठी नुसत्या फायली उतरवून चालत नाही. यंत्र सुरू करणारा भाग कार्डाच्या अगदी सुरुवातीला, कुठल्याच फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या जागेत असतो. संगणकावर अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रतिमा घ्यायची, ती नव्या कार्डावर उतरवायची आणि पुस्तकांचा शेवटचा कप्पा उरलेल्या जागेत ताणायचा. जुनं कार्ड पाकिटात घालून जपून ठेवायचं. या यंत्राला आता जागेची अडचण नाही. कंपनीनं तेव्हा मेमरी बोर्डावर पक्की डकवली असती तर ती बिघडल्यावर यंत्राच्या आयुष्याचा हिशेब तिथंच संपला असता.

चार्जिंगच्या तोंडाचंही तसंच. जुन्या यंत्रांना मायक्रो-यूएसबी असतं आणि त्याची केबल आता घराघरांतून हद्दपार होत चालली आहे. त्या जागी टाइप-सी बसवता येतं. गुजरीत सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात बारीक कानशी मिळतात, त्यांनी झाकणातलं भोक थोडं रुंद करायचं. मात्र त्या तोंडाच्या दोन ठराविक पिनांवरून जमिनीच्या तारेला ५.१ किलोओहमचा एकेक रोध जोडावाच लागतो. तो नसेल तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर वीजच सोडत नाही. एवढीशी गोष्ट, पण ती कुणी सांगत नाही.

हे धोक्याचं आहे, लोकांनी घरी करू नये, असं मला काही जण सांगतात. धोका आहेच. लिथियम-पॉलिमर बॅटरीला भोक पडलं किंवा ती दुमडली तर पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी मी कुणालाही घरी काढू देणार नाही. ती आपण होऊन सुटली असेल तर टोकांना टेप लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून संकलन केंद्रावरच द्यावी. पण हा धोका वाढवला कुणी? बॅटरी चार स्क्रूंखाली आणि एका सॉकेटवर असती तर कुणाला पट्टी घालून तिला उचकटावं लागलं नसतं. बॅटरी गोंदानं चिकटवायची आणि वर ‘उघडू नका’ म्हणायचं, याला मी सुरक्षितता मानत नाही.

आपल्या गावाला हे सांगायची गरज पडू नये. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, तिथं बंद यंत्र उघडून बघणं ही रीतच आहे. उद्यमनगरात आजही ऑइल इंजिनचा जुना भाग मिळाला नाही तर माणूस नमुना घेऊन जातो आणि मेस्त्री लेथवर तसाच करून देतो. ते जमतं, कारण इंजिन बोल्टांनी बांधलेलं असतं. ई-रीडरच्या कंपन्यांकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

युरोपीय संघानं २०२३ च्या बॅटरी नियमावलीत तसं लिहून ठेवलं आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातात धरायच्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला साध्या हत्यारांनी काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडं डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. पुढं दुरुस्ती निर्देशांकासाठी, म्हणजे यंत्र दुरुस्त करायला किती सोपं याचे गुण ठरवण्यासाठी, समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२५ मध्ये आला. निर्देशांकाची सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करावी, असं त्यात सुचवलं आहे. ई-रीडर त्यात यायला हवेत. खप कमी म्हणून त्यांना वगळू नये, कारण हे यंत्र लोक दरवर्षी बदलत नाहीत, वर्षानुवर्षं जपून वापरतात. आणि निर्देशांकात गुण नुसते कागदावर न देता सुटी बॅटरी विकायला ठेवली आहे का, किती वर्षं ठेवणार आणि किती किमतीला, हे खोक्यावर छापायला लावावं. आपल्या खासदारांनी हा मुद्दा दिल्लीत मांडावा, असं माझं त्यांना या पत्रातून सांगणं आहे.

तोवर गावात करण्यासारखं बरंच आहे. ज्यांच्या कपाटात असं यंत्र पडून आहे त्यांनी आधी दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून बघावा. रात्रभर चार्जिंगला ठेवूनही मल्टिमीटरवर बॅटरी ३ व्होल्टच्या वर जात नसेल तर दोष बहुधा बॅटरीत नाहीतर चार्जिंगच्या तोंडात असतो, म्हणजे यंत्र वाचवता येण्यासारखं असतं. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हे काम सरावासाठी दिलं तर त्यांचा बारीक सोल्डरिंगला हात बसेल. आणि करवीर नगर वाचन मंदिरासारख्या, १८५० पासून या गावाला वाचायला देणाऱ्या संस्थेनं महिन्यातली एक दुपार आणि एक टेबल यासाठी दिलं, तर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन मी तिथं बसायला तयार आहे. मजुरी नको, बॅटरीचे पैसे ज्याचे त्यानं द्यावेत.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ,
शिवाजी पेठ, कोल्हापूर