पाइपानं थंड होणारं घर आणि पावसाळ्याचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या रविवारच्या पुरवणीत फरशीखाली पाइप टाकून त्यात थंड पाणी फिरवायचं, एसी नको कूलर नको, हिवाळ्यात त्याच पाइपातून गरम पाणी, असा लेख आला होता, फोटो झकास होते. आमच्याकडे ते कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं की ज्याचं बांधकाम सुरू आहे तो मिस्त्रीला तेच विचारून राहिला. वस्तू चांगली आहे, माझं काही वैर नाही, मी स्वतः पंप-मोटारीच्या धंद्यातला, आणि मोठ्या भावाच्या नव्या घरी हे काम सुरुवातीपासून पाहून राहिलो. पण लेखात पावसाळ्याचं नावच नव्हतं, बाप्पा!

आता पाहा, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर ४४ डिग्री आणि हवेत ओलावा १५ टक्के असला तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचे थेंब धरतात ते, ११-१२ डिग्रीच्या आसपास येतो, म्हणजे फरशीत १७-१८ डिग्रीचं पाणी फिरवलं तरी वर थेंब धरत नाही, एकदम कोरडं काम. तेच जुलैत हवा २८ आणि ओलावा ८५ टक्के झाला की दवबिंदू २५ च्या वर जातो. तेव्हा तेच १७ चं पाणी सोडलं तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा फरशीला घाम येतो, आणि पहाटे उठलेलं म्हातारं माणूस घसरलंच समजा. मग पाणी दवबिंदूच्या दोन डिग्री वर ठेवा म्हणतात, ठेवा ना, पण २७ डिग्रीच्या पाण्यानं २८ ची खोली काय थंड होणार? त्यासाठी हवेतला ओलावा काढणारं वेगळं युनिट पाहिजे, त्याला निचऱ्याची नळी पाहिजे, आणि ओलाव्याचा सेन्सर पाहिजे जो पाण्याचं तापमान आपोआप वर नेईल. हैदराबादला इन्फोसिसनं २०११ च्या सुमारास एकाच इमारतीचा अर्धा भाग साध्या एसीचा आणि अर्धा असा पाइपवाला केला, पाइपवाल्या भागात वीज जवळजवळ एक तृतीयांश कमी लागली. पण तिथं बाहेरची हवा कोरडी करून आत सोडणारं मशीन वेगळं आहे.

भावाला शहरातल्या एका ठेकेदारानं जे कोटेशन दिलं त्यात अख्ख्या घराला एकच थर्मोस्टॅट, सेन्सर नाहीच. विचारलं तर म्हणे पावसाळ्यात बंद ठेवा. अहो, भादव्याच्या उमसमध्ये कूलर फेल जातो म्हणूनच तर माणूस हे लावून राहिला ना!

दुसरं म्हणजे झोन, म्हणजे घराचे वेगवेगळे चालू-बंद करता येणारे भाग. फरशीतून थंडावा मोजून मिळतो, चौरस मीटरला ४० वॅटच्या आसपास, म्हणजे १२ बाय १२ च्या खोलीत पाचशे-साडेपाचशे वॅट, आणि एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता ओढतो. त्यामुळे उघड्या स्लॅबखालच्या, पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत हे एकटं पुरत नाही, आधी स्लॅबवर इन्सुलेशन करा, भिंतीला सावली करा, मग पाइपाचं बोला. भावानं शेवटी झोपायच्या दोन खोल्या आणि हॉल असे तीन झोन केले, स्वयंपाकघर सोडूनच दिलं. प्रत्येक झोनचा लूप, म्हणजे पाइपाचा वेटोळा, वेगळा, १६ एमएमचा पाइप १५ सेंटीमीटरच्या अंतरानं, एक लूप शंभर मीटरच्या आतच, नाहीतर पंपाला जोर पडतो. सगळे लूप मॅनिफोल्डवर, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या जाड नळीवर, येतात, तिथं प्रत्येकाला काचेची बारीक नळी असते, कोणत्या खोलीत मिनिटाला किती लिटर जाऊन राहिलं ते दिसतं. एकच झोन चालू असला की पाणी थंड-गरम करणारं मशीन, म्हणजे हीट पंप, घडीघडी चालू-बंद होतो म्हणून मधे तयार पाणी साठवणारी बफर टाकी लागते, तीही कोटेशनमध्ये नव्हती. हिवाळ्यात घर गरम करायचं म्हणाल तर आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या थोड्या रात्री, त्याच पाइपात ३५ चं पाणी पुरतं.

आणि काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा कोबा उचलून टाकते, पाइप त्यातच असला तर काय होईल सांगायला नको. जोत्यात माती काढून मुरूम भरून दाबून घेतल्याशिवाय पाइप टाकूच नका. पाइप टाकल्यावर ६ बारचं प्रेशर चोवीस तास ठेवायचं आणि कोबा होईपर्यंत गेज काढायचं नाही. भावाकडे गेजचा काटा हळूहळू ४ वर आला, सगळे पाइप चाचपून पाहिले तर एका वळणावर मजुराच्या सळाखीचा घाव आणि तिथून पाण्याची बारीक धार, कोब्याच्या आधी सापडलं म्हणून निभावलं.

विहिरीचंच पाणी सोडा ना फुकटात, असं म्हणणारेही आहेत. ते पाणी २७ च्या आसपास असतं, मे मध्ये त्यानं खोलीत थोडा फरक पडेल, पण आमच्या नातेवाइकांकडे अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारट, ते पाइपात गेलं तर क्षार बसून वर्षादोनवर्षात लूप बुजेल. बंद लूपमध्ये शुद्ध पाणी एकदाच भरायचं असतं.

तर पुरवणीत पुढच्या वेळी फोटोसोबत सेन्सर, ओलावा काढायचं युनिट, बफर टाकी यांचा खर्च पण छापा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते घर वापरणाऱ्या कोणाशी तरी बोलून छापा.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ