वहिनींची गोळी आणि माझ्या पुड्या

सांगली
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर म्हणालास, "होमिओपॅथी खरी की खोटी, एका वाक्यात सांग." नेमका तेव्हाच फोन कट झाला. बरं झालं. एका वाक्यात सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून पहिल्या एसटीनं भांडायला आला असतास. आज सकाळपासून पाऊस आहे, आयर्विन पुलाकडची माझी फेरी चुकली आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर खणभागातल्या एका होमिओपॅथिक दवाखान्यात दोन वर्षं कंपाउंडर होतो, म्हणून तू मला विचारतोस. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

साबुदाण्यापेक्षा लहान अशा साखरेच्या गोळ्या ड्रॅमच्या बाटलीत पाऊण भरायच्या, वर औषधाचे चार-पाच थेंब सोडायचे, बूच लावायचं आणि हलवायची. झालं औषध. हाताला दिवसभर स्पिरिटचा वास. कपाटात ओळीनं नक्स व्होमिका, ऱ्हस टॉक्स, थुजा, अर्निका. नक्स व्होमिका म्हणजे आपला काजरा, जालीम विष. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घाबरून हात दोनदा धुतले. डॉक्टर हसले. म्हणाले, "बाटलीवरचा ३० आकडा बघ."

त्या आकड्यातच तुझा निम्मा प्रश्न आहे. मूळ अर्काचा एक थेंब ९९ थेंब स्पिरिटमध्ये घालून जोरात हलवायचा, ही पहिली पायरी. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत. असं ३० वेळा. प्रत्येक वेळी उरलेलं फेकून न देता सगळंच पातळ करत गेलास, तर कृष्णा-वारणेचं सोड, तेराव्या पायरीला पृथ्वीवरच्या समुद्रांचं पाणी पुरत नाही. म्हणजे ३० नंबरच्या बाटलीत काजऱ्याचा एक रेणूसुद्धा सापडायचा नाही. तिथं २०० नंबरच्याही होत्या आणि त्या जास्त 'पॉवरफुल' समजल्या जायच्या! उलट मदर टिंक्चर म्हणजे मूळ अर्क, त्यात किंवा खालच्या नंबरांत खरा पदार्थ असतो. तेव्हा 'होमिओपॅथीला साइड इफेक्टच नाही' हेही सरसकट धरू नकोस.

मग गुण कसा येतो? लेका, गुण येतो हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी पित्तासाठी यायचे. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, पहिली पुडी औषधाची, पुढच्या नऊ 'सॅक लॅक'. सॅक लॅक म्हणजे नुसती दुधाची साखर. मध्ये औषध देऊ नये पण पेशंटला रोज काहीतरी घेतल्यासारखं वाटावं, म्हणून ही कोरी पुडी. त्यांच्यात ही उघड रीत आहे, लबाडी नव्हे. दहा दिवसांनी दिवाणजी आले आणि म्हणाले, "पहिल्या तिनांचं काही कळलं नाही, पण चौथी पुडी काय लागू पडली म्हणता! तीच जास्त द्या." मी मान खाली घालून पुड्या बांधत बसलो. चौथी पुडी मीच बांधली होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. माणूस बरा झाला ही एक आणि कशानं झाला ही दुसरी. आपण दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेलं बहुतेक दुखणं आपोआप थोडं उतरतंच. सर्दी आठवड्यात जाते, पोरांचे चामखीळ कधीतरी गळून पडतात, गुडघे एक महिना छळतात आणि एक महिना सोडतात. त्या उतारावर ज्याची पुडी पोटात असेल त्याचं नाव होतं.

शिवाय ते ऐकून घेणं. आमचे डॉक्टर नव्या पेशंटला तासभर बसवायचे. तहान किती, घाम कुठे येतो, झोप कुठल्या कुशीवर, खारट आवडतं की गोड, स्वप्नं कसली पडतात. कित्येक बायका तो तास संपतानाच हलक्या झालेल्या मी पाहिल्यात, गोळी तोंडात जाण्याआधीच.

या शास्त्राचा मूळपुरुष हानेमान हा जर्मन डॉक्टर. १७९० मध्ये त्यानं हिवतापावर देत ती सिंकोनाची साल स्वतःवर करून बघितली, हिवतापासारखी लक्षणं वाटली, आणि त्यातून 'काट्यानं काटा काढावा' असला सिद्धांत मांडला. तो काळ असा की बाकीचे डॉक्टर पेशंटचं रक्त काढायचे, पारा पाजायचे. त्यांच्यापेक्षा हानेमानच्या गोळ्या घेणारे जास्त सुखात राहिले असतील, यात नवल नाही. काही न करणं हाच तेव्हा मोठा उपचार होता. नंतर ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं तोवर झालेले अभ्यास तपासून २०१५ मध्ये अहवाल दिला. ज्यावर ही औषधं परिणामकारक आहेत असा भरवशाचा पुरावा मिळावा, असा एकही आजार तिला आढळला नाही. तू म्हणशील, मग आपल्याकडे साडेपाच वर्षांची डिग्री कशी? १९७३ पासून कायदा आहे, म्हणून. कायदा शिक्षणाला नियम लावतो, रेणू मोजत नाही.

कांदा-लसूण, कॉफी यांचं पथ्य विचारलंस. रेणूच नाही तर कांदा कुणाला मारणार? आणि तुझ्या डायबेटिसला त्या चार गोळ्यांची साखर नगण्य आहे. तू चहात चोरून घालतोस तिची काळजी कर.

आता वहिनींचं. फोनवर तू हे जाता जाता बोललास, पण मला खरं तेच लागलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी थायरॉईडची गोळी बंद केली, पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या, आणि 'काही फरक पडला नाही, उलट बरं वाटतंय' म्हणतात. बाळ्या, ते औषध शरीरात हळूहळू उतरतं. आठवड्यात जेमतेम निम्मं. त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही, आणि तेवढ्यात पुड्यांना श्रेय मिळून जातं. सुस्ती, सूज, थंडी वाजणं हे मागाहून येतं. दिवाणजींची चौथी पुडी ती हीच, फक्त यावेळी महागात पडणारी. उद्याच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून गोळी किती दिवस बंद आहे ते सांग, ते म्हणतील तशी सुरू करा आणि म्हणतील तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करा. मनानं डबल डोस नको. पांढऱ्या गोळ्या त्यांना हव्या असतील तर घेऊ देत. माझे जुने डॉक्टरसुद्धा बीपी-शुगरची चालू गोळी कुणाला सोडायला लावत नसत.

आणि हे वहिनींना तू सांगू नकोस. तू लगेच आवाज चढवतोस. मला संध्याकाळी सातनंतर जोडून दे. आधी त्यांना त्या गोळीचा काय त्रास होत होता ते विचारतो, मग बोलतो.

हे सगळं लिहून झाल्यावर एक कबुली. माझ्या कपाटात अर्निकाची बाटली अजून आहे. नातू पडला की चार गोळ्या जिभेवर ठेवतो आणि तो रडायचा थांबतो. परवा हिनं विचारलं, "एवढं शहाणपण शिकवता, मग हे काय?" म्हटलं, गोड आहे ना, म्हणून. तिनं रिकाम्या झालेल्या बाटलीत खडीसाखरेचे बारीक खडे भरून ठेवलेत. पोरगं तेवढंच पटकन गप्प होतं.

भडंगाचं पाकीट येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझाच,
दिल्या