बंडूस पत्र: जास्त झालेलं लाल ऑइल

इप्सिलांटी, मिशिगन
३ ऑगस्ट

प्रिय बंडू,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात बिलाच्या रांगेत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. उद्यमनगरात तुझ्याकडे जुनी १२३ मॉडेलची मर्सिडीज आलीय, ऑटोमॅटिक. दुसरीकडे कुठेतरी गिअरबॉक्सचं ऑइल बदललं आणि तेव्हापासून गिअर उशिरा धरतो, खाली लाल थेंब पडतात, आणि मालक म्हणतोय की गिअरबॉक्स उतरवा. मर्दा, एवढ्यात उतरवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब. गेल्या महिन्यात माझ्या गाडीला हेच झालं होतं आणि गिअरबॉक्स न उतरवता ती बरी झाली.

माझी ओल्ड्समोबिल तू फोटोत पाहिली आहेसच. १९६९ ची नाइन्टी-एट, साडेसात लिटरचं इंजिन आणि मागे टर्बो हायड्रामॅटिक ४०० गिअरबॉक्स. ती शेजारच्या आजोबांची. ते विलो रनच्या कारखान्यात हेच गिअरबॉक्स जोडायचे. माझ्या घरापासून तो कारखाना दहा मिनिटांवर. महायुद्धात तिथे बी-२४ विमानं बनली. पुढे १२ ऑगस्ट १९५३ ला लिव्होनियातला जनरल मोटर्सचा गिअरबॉक्सचा कारखाना जळून खाक झाला तेव्हा ते सगळं काम विलो रनला हललं आणि २०१० पर्यंत तिथेच चाललं. आजोबा गेल्यावर आजींनी गाडी मला दिली, एका अटीवर: ती उभी ठेवायची नाही, चालवायची. त्यामुळे या गाडीला काही झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

जुलैत एका रविवारी लॅन्सिंगला निघालो होतो. ओल्ड्समोबिल तिथलीच, शेवटची गाडी २००४ च्या एप्रिलमध्ये तिथेच बाहेर पडली. त्यांचं म्युझियम बघायचं बरेच दिवस मनात होतं. तासभर हायवेवर गाडी लोण्यासारखी चालली. गावात शिरल्यावर पहिल्या सिग्नलला थांबलो, हिरवा लागला, ॲक्सिलरेटर दिला, तर नुसतं इंजिन रेस झालं. गाडी जागची हलेना. दोन सेकंदांनी गिअरने असा झटका मारला की मान मागे गेली. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच, आणि आता बॉनेटच्या मागून धूर. बाजूला घेतली. गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या नळीतून, लाल ऑइल उसळून सायलेन्सरच्या तापल्या पाइपवर पडत होतं. आग लागली नाही हे नशीबच.

इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. तिच्यावर ऑइल नव्हतंच, फेस होता. बारीक बारीक बुडबुडे, ताकाच्या वर येतात तसे, आणि ते 'फुल'च्या खुणेच्या बोटभर वरपर्यंत. आप्पांनी आपल्याला शिकवलं होतं तसं मी दोन बोटांत चोळून वास घेतला. जळका वास नव्हता. बोटाला कचकच नव्हती. रंग लालच होता. तिथे मला धीर आला.

हे का होतं ते सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये सगळा खेळ ऑइलच्या दाबावर. पंप चेंबरमधून, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यातून, ऑइल उचलतो, आणि त्याच दाबाने आतल्या क्लचप्लेटा आवळल्या जातात. लेव्हल बरोबर असेल तर वर फिरणारे ड्रम आणि प्लॅनेटरी गिअर ऑइलच्या साठ्याला शिवत नाहीत. जास्त झालं की ते त्यात बुडतात आणि ऑइल घुसळायला लागतात. रवीने ताक घुसळावं तसंच. मग पंप ऑइलऐवजी फेस ओढतो. ब्रेकच्या लाइनीत हवा राहिली की पेडल कसं मऊ लागतं, तुला वेगळं सांगायला नको, इथेही तेच. हवा दाबली जाते, क्लच पुरा आवळत नाही, गिअर स्लिप मारतो. स्लिप मारला की उष्णता, उष्णतेने ऑइल आणखी फुगतं, आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. म्हणजे ऑइल जास्त असूनही गाडी वागते ऑइल कमी असल्यासारखी. यातच लोक फसतात आणि वरून आणखी एक बाटली ओततात.

माझ्याकडे हे झालं कसं, तर थंडीभर ऑइल कमी होत होतं आणि खाली थेंब मात्र एकही नव्हता. मॉड्युलेटरचा, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर गिअरबॉक्समधला दाब कमी-जास्त करणाऱ्या डबीचा, पडदा फाटला होता. इंजिनचा व्हॅक्यूम तिला जोडलेल्या पाइपातून ऑइल ओढून घेत होता आणि ते इंजिनात जळत होतं. सकाळी मागून पांढरा धूर यायचा. (व्हॅक्यूमचा पाइप काढून बघायचा. त्यात लाल ऑइल दिसलं की मॉड्युलेटर गेला, दुसरी परीक्षा नको.) एप्रिलमध्ये इथल्या एका गॅरेजवाल्याने तो बदलला, काम चोख केलं, आणि शेवटी थंडगार गाडीला 'फुल'पर्यंत ऑइल भरलं. चूक तेवढीच. 'फुल'ची खूण गरम ऑइलसाठी असते, नव्वद अंशांच्या आसपास. ऑइल तापलं की फुगतं. थंड असताना लेव्हल पट्टीवरच्या खालच्या 'ॲड' खुणेच्याही थोडी खाली असायला हवी. त्यानंतर मी गावातल्या गावात फिरत होतो, ऑइल पुरतं तापलंच नाही, म्हणून तीन महिने काही कळलं नाही.

लॅन्सिंगहून गाडी टो करून आणली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. या गिअरबॉक्सच्या चेंबरला ऑइल सोडायचा ड्रेन प्लग नाही, तेरा बोल्ट काढून अख्खा चेंबर उतरवायचा आणि अंगावर आंघोळ करून घ्यायची. त्याची गरजच नव्हती. पट्टीच्या नळीतून बारीक प्लास्टिकचा पाइप तळापर्यंत सोडला आणि हातपंपाने ऑइल खुणा केलेल्या बरणीत ओढलं. सगळं एकदम नाही. एका वेळी पाव लिटर. मग इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून एकेकदा फिरवायचं, परत 'पी'त (पार्कमध्ये) आणायचं आणि पट्टी बघायची. 'ॲड' आणि 'फुल' या दोन खुणांमध्ये जेमतेम अर्धा लिटर असतं, त्यामुळे घाई केली की उलट बाजूला जातो. पट्टी पुसायला सुती चिंधी घेऊ नकोस. तिचा एक धागा आत गेला तरी व्हॉल्व्ह बॉडीत, ऑइलच्या वाटा उघडबंद करणाऱ्या भागात, अडकतो. एकूण लिटरच्या थोडं वर निघालं. मग पंधरा-वीस मैल चालवून पुन्हा मोजलं. पट्टीवर स्वच्छ, लाल, बिनबुडबुड्याचं ऑइल. त्या दिवसापासून गिअर एकदाही चुकलेला नाही.

आता तुझ्या मर्सिडीजचं. मोजल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. गाडी अर्धा तास चालव, सपाट जागी उभी कर, 'पी'त ठेव, इंजिन आयडलला. इंजिन बंद करून मोजलंस तर कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या ऑइल भरलेल्या ड्रममधलं, ऑइल खाली उतरलेलं असतं आणि लेव्हल उगाच जास्त दिसते. तिच्या दोन खुणांमध्ये फक्त तीनशे मिलीचा फरक आहे आणि त्या खुणा ऐंशी अंशांच्या आहेत, हे ध्यानात ठेव. तिला चेंबरला आणि कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग आहेत. ऑइल बदलताना कोणी फक्त चेंबर रिकामा केला, कन्व्हर्टर उघडलाच नाही, आणि पुस्तकात दिलेलं दोन्हींचं माप मोजून आत ओतलं, तर दोनेक लिटर सहज जास्त होतं. मला तोच संशय आहे. मालकाला विचार किती बाटल्या घातल्या.

एक गोष्ट मात्र आधी बघ. पट्टीवरचं ऑइल गुलाबी, दुधाळ दिसत असेल तर ते जास्त भरलेलं नाही, त्यात पाणी शिरलंय. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये येतं. तसं असेल तर गाडी फूटभरही चालवू नकोस, मला लगेच फोन कर, मग रात्र असो की दिवस. क्लचप्लेटांचं अस्तर पाण्याने सुटतं.

आजोबांची एक छोटी वही गाडीच्या खणात होती. त्यात पेन्सिलीने प्रत्येक नोंद: तारीख, मैल, आणि पुढे 'गरम, पी, ठीक'. १९६९ पासूनची. एका पानावर त्यांनी लिहिलंय की जुन्या ऑइलला वेगळाच वास यायचा. त्या काळी यात स्पर्म व्हेलचं तेल असायचं, सत्तरीच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली. एप्रिलची नोंद वहीत नाही, कारण ती मी केलीच नव्हती. आता केली आहे, जुलैच्या खाली, काढलेल्या ऑइलच्या मापासकट. परवा आजींना गाडीतून बाजारात घेऊन गेलो. सिग्नलला गाडी सुटली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता बरोबर वाटतेय."

पट्टीचा फोटो पाठव, गरम असतानाचा, आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून त्याचाही. गिअरबॉक्सच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तोही. आप्पांची तब्येत कशी आहे? त्यांना आणि वहिनींना नमस्कार सांग. दिवाळीला यायचं नक्की केलंय, तिकिटं काढली की कळवतो.

तुझाच,
अन्या