समन्स आले की दहा दिवस मोजा

महोदय,

वसुली एजंटांच्या दादागिरीवर आपल्या सदरात अधूनमधून पत्रे येतात आणि ती रास्तच आहेत. पण कर्जदार खरा अडकतो तो कोर्टाचे समन्स आल्यावर. एजंट म्हणतो, 'साहेबांशी बोलून सेटल करून देतो, कोर्टात कशाला जाता?' त्या भरवशावर मुदत निघून जाते.

फोर्ट किंवा दिंडोशीच्या शहर दिवाणी न्यायालयाचा कागद हाती पडला की आधी दावा 'समरी सूट', म्हणजे लेखी कराराच्या आधारे झटपट पैसेवसुलीचा दावा, आहे का ते पाहावे. दावा क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरा की नुसती धमकी, तेही कळते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालच्या या दाव्यात समन्स बजावल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. वकीलपत्र किंवा स्वतःची लेखी हजेरी, सोबत नोटिसा घेण्याचा पत्ता, आणि त्याच दिवशी वादीच्या वकिलाला तसे कळवणे. हे राहिले की वादपत्रातला मजकूर कबूल आहे असे धरून हुकूमनामा होतो. 'तारीख पडेल तेव्हा जाऊ' म्हणणारे इथेच फसतात.

हजेरीनंतर वादी 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे थेट निकाल मागणारे दुसरे समन्स, बजावतो आणि पुन्हा १० दिवस सुरू होतात. आता प्रतिज्ञापत्रावर बचावाची परवानगी मागायची. 'रक्कम मान्य नाही' एवढ्यावर भागत नाही. कोणता हप्ता भरूनही जमा दाखवला नाही, कोणता आकार (चार्ज) करारात नाही, हे तारीखवार लिहून बँक स्टेटमेंटची पाने जोडावीत. बचाव लंगडा वाटला तर न्यायालय रक्कम भरायची अट घालते किंवा परवानगीच नाकारते. उशीर झाला असल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो.

साध्या दाव्यात लेखी कैफियतीला, म्हणजे वादपत्राच्या लेखी उत्तराला, ३० दिवस, कारण असल्यास ९० पर्यंत. व्यापारी दाव्यात १२० नंतर दार बंद. वादपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळे उत्तर हवे, कारण मोघम नकार हा नकार धरला जात नाही.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा दावा लावण्याच्या मुदतीचा. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षे असतात. मात्र मोजताना १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोविडकाळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार वगळावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी 'अमुक रक्कम बाकी आहे, सवलत द्या' असे सहीचे पत्र दिले की ३ वर्षे नव्याने सुरू. एजंट असे पत्र लिहून घेण्यासाठी इतका मागे का लागतो, ते यावरून ध्यानात यावे. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलेले असेल तर हस्तांतराचा करार मागावा आणि त्यात आपले खाते आहे का ते तपासावे. खातेउताऱ्याला कायद्याने लागणारे प्रमाणपत्र जोडले आहे का, हेही पाहावे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दंडव्याज लावता येत नाही. दंडात्मक आकार लावला तरी त्यावर व्याज चढवता येत नाही.

समन्स घेण्याचे टाळून काही साधत नाही. नाकारले तर बेलीफ ते दारावर डकवतो. मात्र घरातल्या सज्ञान माणसाऐवजी ते वॉचमनच्या हाती दिले असेल तर हरकत जरूर घ्यावी; नोकर कुटुंबात मोडत नाही, असे संहितेतच म्हटले आहे. देणे खरोखर असेल तर हप्ते हुकूमनाम्याच्या वेळीच मागावेत, कारण नंतर वादीची संमती लागते. पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित राहतात. भविष्यनिर्वाह निधीला तर हातच लावता येत नाही.

शहर दिवाणी न्यायालयाचे समन्स इंग्रजीत येते. परळच्या चाळीत ते वाचून दाखवायला शेजारच्या कॉलेजच्या पोराला बोलवावे लागते, आणि 'एंटर अपिअरन्स' म्हणजे काय ते त्यालाही उमगत नाही. समन्सच्या पाठीवर १० दिवसांची मुदत, हजेरी कुठे नोंदवायची ती खोली आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मराठीत छापावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्यास. संबंधितांनी याचा विचार करावा, ही विनंती.

– एक वाचक, परळ, मुंबई