मंत्रीसाहेब, कासवाचा डॉक्टर निघाला का हो?

मा. मंत्रीसाहेबांना सप्रेम नमस्कार,

मी मच्छी विकते. आमच्याकडे किनाऱ्यावर समुद्री प्राण्यांचं संग्रहालय आहे, तिथल्या जिवंत टाक्यांना लागणारी तारली, माकूल, कोळंबी मी पुरवते. गेल्या वर्षी आपण तिथे आलात, हारतुरे झाले, फोटो झाले आणि माइकवर आपण बोललात की महिन्याभरात इथे कायमचा पशुवैद्य देतो. टाळ्या मीपण वाजवल्या.

परवा टाकीतलं कासव मेलं साहेब. डॉक्टर अजून यायचाच आहे.

ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव होतं, मादी. जाळ्यात अडकून पुढचा एक पर, म्हणजे पोहायचा वल्ह्यासारखा पाय, गेलेला, त्यामुळे समुद्रात सोडता येत नव्हतं म्हणून इथे ठेवलेलं. आधी माझी माकुलं परत यायला लागली, म्हणजे खाणं बंद. मग ती तरंगायला लागली, एका अंगावर कलून, पाठीचा डावा भाग सतत पाण्याबाहेर, सुकून पांढरा पडलेला. खाली जायला बघायची आणि बुचासारखी परत वर. टाकीवरचा कंत्राटी पोरगा तिच्या पाठीवर ओला फडका टाकत बसायचा, त्याचा पगार थकलाय तो विषय वेगळाच.

शेवटी तालुक्याचे डॉक्टर आले. माणूस चांगला, उगाच नावं ठेवणार नाही. सरळ बोलले, ताई मी गाईम्हशींचा डॉक्टर, कासवाचं रक्त थंड, औषध अंगात सावकाश फिरतं, गाईच्या हिशोबाने इंजेक्शन दिलं तर किडन्या जातील. एक्स-रे काढल्याशिवाय फुप्फुसात पाणी आहे की पोटात गॅस हे कळणार नाही म्हणाले. आणि एक्स-रे कुठे? आमच्या तालुक्यात माणसाचा एक्स-रे काढायचा तर मशीन बंद नाहीतर टेक्निशियन रजेवर, कासवाला कोण विचारतो.

कासवांच्या उपचाराचं केंद्र आहे ना, पण ते पार डहाणूला. रत्नागिरीहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर, तेही 2011 पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा हायवेवरून, म्हणजे आजारी जनावर राहू द्या धडधाकट माणूस पोचेपर्यंत आडवा होईल. राज्याचा किनारा 720 किलोमीटर, आता नव्याने मोजून 877 झालाय म्हणतात. किनारा वाढवलात छान केलंत, डॉक्टर पण वाढवा की जरा.

बरं, कायदा नाही असंही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. प्राणिसंग्रहालयांचे 2009 चे नियम माझ्या भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवले, त्यात आहे की लहान संग्रहालयाला हॉस्पिटल परवडत नसेल तर निदान एक ट्रीटमेंट रूम तरी हवी, आणि प्राणी मेला तर पोस्टमॉर्टेम झालंच पाहिजे. इथे काय झालं? ट्रीटमेंट रूमच्या नावाने एक खोली आहे, त्यात तुमच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आणि बॅनर भरलेत. पोस्टमॉर्टेम नाही, नैसर्गिक मृत्यू लिहिलं, मागच्या वाळूत पुरलं, मोकळे.

वेळासला, आंजर्ल्याला गावची माणसं रात्र रात्र जागून किनाऱ्यावरची कासवांची अंडी राखतात, पिल्लं सुटायच्या वेळी तुम्ही सगळे पांढऱ्या कपड्यात सेल्फीला हजर. ते पिल्लू मोठं होऊन आजारी पडलं की मात्र कुणाचंच नाही. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू लागलं तेव्हा बघा, टीव्हीवाले आले, सगळी यंत्रणा धावली, ओढून ओढून समुद्रात नेलं, तरी शेवटी गेलंच ते. तेव्हा तरी डोळे उघडायचे होते ना? पण तुमचं नेहमी वरातीमागून घोडं.

आणि माझं काय? माझं सहा महिन्यांचं बिल अडकलंय, मी बंदरावर रोख देऊन माल उचलते, उधारी माझ्या डोक्यावर, बीपीची गोळी चालू झालीय, नवरा म्हणतो सरकारला मच्छी घालायची हौस तुलाच. ऑफिसात गेलं की हा विभाग म्हणतो त्या विभागाकडे जा, तो म्हणतो जनावर वनखात्याचं, वनखातं म्हणतं टाकी संग्रहालयाची. खाणारं तोंड मात्र एकच होतं आणि त्याला घालत मी होते. निवडणुकीला बरे सगळे विभाग एका गाडीत बसून येतात.

टाकीत अजून एक कासव आहे, कालपासून तेही अर्धंच खातंय. म्हणून हे लिहिते, नाहीतर धंद्याच्या टायमाला मला पण हौस नाही. त्या खोलीतल्या खुर्च्या काढा, जंगली आणि समुद्री जनावरांचं शिकलेला डॉक्टर द्या, फुलटाइम जमत नसेल तर आठवड्याला ठरलेल्या दिवशी येणारा तरी द्या. माझ्या बिलाची झेरॉक्स सोबत जोडलीय. डॉक्टर कुठल्या तारखेला जॉइन होतोय ते लेखी कळवा, माइकवर नको.

आपली,
एक मच्छीवाली, रत्नागिरी जिल्हा