मॅनफ्रेड साहेब, त्या चांदणीचं एकदा काय ते ठरवा

मेजर लीग बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड साहेब यांस,

मी मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं बे एरियात. क्रिकेटवर वाढलो, बेसबॉलचं वेड इथे आल्यावर लागलं आणि तेही बॅरी बॉंड्समुळे, त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाहीये हे आधीच सांगून टाकतो. ७ ऑगस्ट २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने कारकिर्दीतला ७५६वा होमरन (आपला सिक्सर समजा) मारून हँक अ‍ॅरनचा रेकॉर्ड मोडला तेव्हा आमच्या घरात नुसता दंगा. त्याच्या आधी ७५५व्याला सॅन डिएगोत तुमच्या आधीचे कमिशनर सेलिग साहेब उभे होते, पण हात खिशात! बॉंड्सवर तेव्हा स्टेरॉइडचा संशय होता. ते खिशातले हात अजून डोक्यातून जात नाहीत.

त्या ७५६व्या बॉलचं पुढे काय झालं तुम्हाला माहितीच आहे. एका फॅशन डिझायनरने तो साडेसात लाख डॉलरला घेतला, ऑनलाइन मतदान घेतलं आणि त्यावर चांदणी (* ही खूण, म्हणजे या रेकॉर्डवर शंका आहे) कोरून कूपर्सटाउनच्या बेसबॉल म्युझियमला देऊन टाकला. (आमच्या विधानसभेत तारांकित प्रश्न असतो, त्याला निदान मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.)

बॉंड्सने स्टेरॉइड घेतलंच नाही असं म्हणायला मी काय लहान बाळ नाही, खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी बाल्कोची लॅब इथेच बर्लिंगेममध्ये होती. पण १९९८ मध्ये मॅग्वायर एका सीझनमध्ये ७० आणि सोसा ६६ होमरन मारत होते, मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोची (स्टेरॉइडसारख्या गोळ्यांची) बाटली दिसली, तरी स्टेडियम भरतायत ना मग कशाला बोला. स्टेरॉइडवर १९९१ पासून कागदावर बंदी होती पण टेस्ट नाही, पहिली टेस्ट २००३ मध्ये आणि तीही निनावी, शिक्षा २००४ पासून. म्हणजे दरवाजा उघडा ठेवायचा आणि नंतर चोर चोर म्हणून ओरडायचं. आता बॉंड्स हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलच्या मानाच्या यादीच्या) बाहेर, २०२२ ला पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात ६६ टक्के मिळाले, लागतात ७५, आणि ते सगळं ज्यांच्या कारकिर्दीत झालं ते सेलिग साहेब २०१७ पासून आत. आपला तो बाब्या.

आणि रेकॉर्डबुकला हात लावता येत नाही असं प्लीज सांगू नका. २०२४ मध्ये तुम्हीच निग्रो लीगचे (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे त्यात घेतले आणि तिथल्या जॉश गिब्सनची बॅटिंगची सरासरी टाय कॉबच्या वर गेली, फार चांगलं केलंत, मनापासून. तेच इथे करा की. बॉंड्सचे कारकिर्दीतले ७६२ तसेच ठेवा, एका सीझनमधले ७३ पण ठेवा, फक्त प्रत्येक आकड्याशेजारी त्या वर्षीचा नियम लिहा: टेस्ट होती का, शिक्षा काय होती. आणि फक्त बॉंड्सच्या नाही हं, सगळ्यांच्या. बेब रुथच्या १९२७ च्या ६० पुढे लिहा की तेव्हा काळ्या खेळाडूंना लीगमध्ये प्रवेशच नव्हता. रुथला मागे टाकणाऱ्या मॅरिसच्या ६१ पुढे लिहा की तेव्हा सीझन लांबून १६२ मॅचेसचा झाला होता. अ‍ॅम्फेटामिनच्या (तरतरी आणणाऱ्या) गोळ्या तर कित्येक वर्षं क्लबहाउसमध्ये सर्रास चालायच्या, त्याची टेस्ट २००६ ला आली, तेही येऊ दे.

अ‍ॅरन जजने २०२२ च्या सीझनमध्ये ६२ मारले तेव्हा मॅरिसचा मुलगा म्हणाला की हाच खरा रेकॉर्ड. माझी मुलगी तेव्हा विचारत होती, बाबा मग खरा कुठला, ६२ का ७३? तुमच्या साइटवर ७३ आहे, टीव्हीवर लोक ६२ म्हणतायत. मी विषय बदलला. आता तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

तुमचा,
सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा (बॉंड्सच्या टीमचा) एक फॅन, सॅन होजे